भूगोल, पृथ्वी आणि जगाचा इतिहास: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतली मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी आणि अधूनमधून त्यांचे आईवडील यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. हे विषय पाठ करून पेपरात उतरवायचे असा आपल्याकडं समज आहे. त्यामुळं लातूरच्या मुलाला आल्प्स पर्वत कसा तयार झाला ते येतं, पण गावातल्या विहिरीत दिसणारा तांबडा पट्टा कशाचा ते सांगता येत नाही. म्हणून जिथं जमेल तिथं उत्तर आपल्याच मातीवरून दिलं आहे.

१. मराठवाड्यात जिल्हे किती? एका पुस्तकात पाच, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात आठ असं का?

आज आठ आहेत: छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचच जिल्हे होते. १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाला. म्हणजे तिन्ही पुस्तकं आपापल्या काळात बरोबरच होती. आकडा दिसला की आधी पुस्तक कोणत्या सालचं ते बघायचं, ही सवय भूगोलात फार कामाला येते. सगळ्या मराठवाड्याचं क्षेत्रफळ सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर आहे.

२. खंड सहा की सात? महासागर चार की पाच?

आपल्या अभ्यासक्रमात खंड सात आहेत. युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाही, म्हणून काही देशांत दोन्ही मिळून एकच खंड धरतात आणि तिथं सहा होतात. महासागर पाच: पॅसिफिक, अटलांटिक, हिंदी, दक्षिणी आणि आर्क्टिक. अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिणी महासागर जुन्या पुस्तकांत वेगळा धरलेला नसतो, त्यांत चार सापडतील.

३. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा, असंच ना?

नाही, आणि ही चूक अगदी पदवीच्या मुलांकडूनही होते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. तेव्हा आपल्याकडं हुरड्याचे दिवस आणि कडाक्याची थंडी असते. सर्वांत लांब ती जुलैच्या सुरुवातीला असते, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर.

ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडं कललेला असतो, सहा महिने दक्षिण गोलार्ध. ज्याच्याकडं कल, तिथं किरणं जास्त सरळ पडतात आणि दिवसही मोठा असतो. अंतरामुळं ऋतू होत असते तर भारतात आणि ऑस्ट्रेलियात उन्हाळा एकाच वेळी आला असता. प्रत्यक्षात तिथला नाताळ भर उन्हाळ्यात येतो.

४. सूर्य रोज दुपारी बाराला बरोबर डोक्यावर येतो का?

बरोबर डोक्यावर तो वर्षातून फक्त दोनदा येतो आणि तेही बाराला नाही.

पूर्ण मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. सूर्य उत्तरेकडं सरकताना एकदा आपल्यावरून जातो आणि परतताना पुन्हा एकदा. लातूरला हा दिवस १३-१४ मेच्या आसपास येतो, छत्रपती संभाजीनगरला १९-२० मेच्या आसपास. त्या दुपारी काही क्षण उभ्या वस्तूची सावली पूर्ण तिच्या पायाखाली जाते, म्हणून त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. परतीचा दिवस जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं.

आता वेळ. आपली घड्याळं ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत, जे प्रयागराजजवळून जातं. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. छत्रपती संभाजीनगर त्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे सात अंशांवर आहे, म्हणजे तिथं सूर्य जवळपास २८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मे महिन्यात तिथली खरी मध्यान्ह १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास असते. नांदेड दोन अंश पूर्वेला, त्यामुळं तिथं सूर्य आठेक मिनिटं आधी उगवतो आणि आधी माथ्यावर येतो. मोकळ्या अंगणात ओळंब्यात एक काठी रोवा आणि बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. सावली सर्वांत आखूड झाली ती तुमच्या गावची मध्यान्ह. हा प्रयोग शाळेत नक्की करावा, खर्च काहीच नाही.

५. सर्वांत मोठा दिवस २१ जूनचा, मग सर्वांत जास्त ऊन मे महिन्यात कसं?

वर सांगितल्याप्रमाणे मेमध्येच सूर्य आपल्या डोक्यावरून जातो, जमीन तोवर कोरडी ठणठणीत असते आणि आभाळात ढग नसतात. जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला की ढग ऊन अडवतात आणि ओली जमीन वाफ होण्यात उष्णता घालवते. ज्या वर्षी पाऊस लांबतो, त्या वर्षी जूनही मेसारखाच तापतो.

६. गोदावरी नाशिकजवळ उगम पावते, अरबी समुद्र तिथून जवळ. मग ती एवढ्या लांब पूर्वेला का जाते?

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर आहे, आणि गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. नदी अंतर बघत नाही, उतार बघते. दख्खनचं पठार पश्चिमेला उंच आहे आणि पूर्वेकडं हळूहळू उतरत जातं. सह्याद्रीची धार ही पाण्याची वाटणी करणारी रेषा आहे. तिच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्रात जातो, पूर्वेला पडलेला आपल्याकडं येतो.

७. सह्याद्रीवर धो धो पाऊस आणि आपल्याकडं दुष्काळ, असं का?

अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर चढलेली हवा थंड होते, थंड हवेत वाफ मावत नाही आणि पाऊस पडतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तीच हवा डोंगर ओलांडून खाली उतरली की दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. याला पर्जन्यछाया म्हणतात. अहिल्यानगर आणि बीडचा आष्टी-पाटोदा भाग थेट या छायेत येतो.

पण सगळ्या मराठवाड्याला एकच कारण लावू नका. पूर्वेकडं पाऊस वाढत जातो. वर्षाची सरासरी अनेक ठिकाणी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या घरात असली, तरी नांदेडच्या किनवट-माहूरकडं ती ९०० च्या पुढं जाते आणि आष्टीकडं बरीच खाली येते. कारण आपला बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडं सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून येतो. ते पट्टे आधी नांदेडला पोचतात. बीडपर्यंत येईतो त्यांचा जोर कमी झालेला असतो. एखाद्या वर्षी ते मध्य प्रदेशातूनच निघून गेले तर आपले जून-जुलै कोरडे जातात आणि सगळी भिस्त सप्टेंबरवर राहते. कर्जानं पेरलेलं सोयाबीन त्या एका महिन्यावर टांगलेलं असतं. म्हणून हा प्रश्न नुसता पाच मार्कांचा नाही.

८. “मराठवाड्यातलं सगळं पाणी गोदावरीला मिळतं” हे विधान बरोबर की चूक?

चूक. परीक्षेत इथं हमखास गल्लत होते.

बहुतेक पाणी गोदावरीलाच जातं: पूर्णा, दुधना, सिंदफणा, मांजरा, तेरणा, मन्याड या सगळ्या तिच्याच कुटुंबातल्या. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं उगम पावते, पूर्वेला कर्नाटक-तेलंगणात जाते आणि मोठं वळण घेऊन उत्तरेला येत गोदावरीला मिळते. पण आष्टी आणि भूम-परंड्याकडचा भाग सीनेच्या खोऱ्यात येतो. सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला, म्हणजे हे पाणी कृष्णेचं झालं.

खरा अपवाद उत्तरेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पलीकडचं पाणी तापीला जातं. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याची वाघूर तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. वेरूळच्या डोंगरावर पडलेला पाऊस मात्र गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात पोचतो. एकाच जिल्ह्यातल्या दोन लेण्यांचं पाणी दोन वेगळ्या समुद्रांत जातं.

९. जायकवाडी भरलं तरी आमच्या गावाला टँकर का लागतो? आणि टीएमसी म्हणजे किती पाणी?

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या पुढं आहे, पण त्यातलं सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचं पाणी. वापरायला मिळतं ते ७६ टीएमसीच्या आसपास. बातमीत “धरण शून्य टक्के” म्हणतात तेव्हा ते कोरडं पडलेलं नसतं, उपयुक्त साठा संपलेला असतो.

आता टँकर. कालव्याचं पाणी उतारानं जातं. जायकवाडीचा डावा कालवा सुमारे २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर आहे, आणि दोन्ही गोदाकाठच्या सखल भागातून जातात. अंबाजोगाई, लातूर हा बालाघाटचा पठारी भाग धरणाच्या पातळीपेक्षा उंच आहे. तिथं ते पाणी आपोआप चढणार नाही, पंपानं उचलावं लागतं. लातूर शहर मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणावर अवलंबून आहे. ते आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पाच लाख लिटर घेऊन आली.

१०. आपला काळा दगड ज्वालामुखीचा म्हणतात. मग तो ज्वालामुखी कुठं आहे? पुन्हा फुटेल का?

शंकूसारखा डोंगर शोधत बसलात तर सापडणार नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला. एक थर थंड झाला, मध्ये काळ गेला, पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर साचून आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट पसरलेला आहे. पश्चिमेला सह्याद्रीत तो दोन किलोमीटरच्या आसपास जाड आहे, पूर्वेकडं पातळ होत जातो. किल्लारीला भूकंपानंतर खोल छिद्र घेतलं तेव्हा बेसॉल्ट ३३८ मीटरवरच संपला आणि खाली त्याहून फार जुना खडक लागला.

घाटातून जाताना किंवा जुनी विहीर बघताना दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसतो. तो मधल्या शांत काळाचा पुरावा. खालचा लाव्हा उघड्यावर पडून झिजला, त्याची माती झाली आणि मग वरून नवा लाव्हा येऊन ती भाजली गेली. आज जी काळी माती कापूस आणि ज्वारी पिकवते, ती याच खडकाच्या झिजेतून आली आहे. तिच्यातली चिकणमाती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून एप्रिलमध्ये शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

पुन्हा फुटण्याची भीती बाळगू नका. तेव्हा भारताचा भूभाग हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त जागेवरून सरकत होता असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. ती जागा तिथंच राहिली, तिथला ज्वालामुखी अजूनही फुटतो. आपण हजारो किलोमीटर उत्तरेला निघून आलो आणि अजून वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटरनं सरकतो आहोत.

११. मग मराठवाड्यात सगळीकडं बेसॉल्टच आहे का?

जवळपास सगळीकडं, पण नांदेड जिल्ह्याचा आग्नेय भाग सोडून. देगलूर-बिलोलीकडं बेसॉल्टचं आवरण संपतं आणि ग्रॅनाइटसारखे कितीतरी जुने खडक उघडे दिसतात. तिकडच्या गोल गुळगुळीत धोंड्यांच्या टेकड्या आणि बीडच्या सपाट माथ्याचे डोंगर यांत फरक का, याचं उत्तर हेच.

१२. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं, आमच्याला पाचशे फुटांवर नुसता फुफाटा. असं का होतं?

बेसॉल्ट स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते झिजलेल्या मुरमात, खडकाच्या चिरांत आणि दोन थरांच्या सांध्यात. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या खडकात मूळची वायूची छिद्रं खनिजांनी भरलेली असतात. तो लवकर झिजतो आणि झिजला की त्यातून थोडं पाणी मिळतं. काळ्या पाषाणात चीर नसेल तर काहीच नाही. तुमच्या बोअरला चीर लागली नाही, शेजाऱ्याच्याला लागली. दोघांत वीस फुटांचं अंतर असलं तरी हे घडतं.

खोल गेलं की पाणी हमखास, हा समज कर्जात घालतो. खोली वाढेल तसा वरच्या दगडाचा भार वाढतो आणि चिरा बहुधा मिटत जातात. शिवाय एखादी खोल चीर लागली तरी तिच्यातलं साचलेलं जुनं पाणी उपसून संपतं आणि दोन उन्हाळ्यांत बोअर बंद पडतं. वरच्या मुरमात पाणी मुरवणारे बांध, नाला खोलीकरण आणि शेततळी यांचा विचार आधी व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही शेततळं प्लास्टिक अंथरलेलं असेल तर त्यातून जमिनीत काही मुरत नाही, हे लक्षात ठेवा.

१३. लोणार मराठवाड्यात येतं का? ते ज्वालामुखीचं तोंड आहे की उल्केचं?

लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात येतं. जालन्याहून जवळ असल्यानं गोंधळ होतो. खळगा उल्केच्या आघातानं झालेला आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. बेसॉल्टमधलं असं इतकं टिकलेलं विवर जगात दुर्मीळ आहे. प्रचंड दाबाखालीच होणारे बदल तिथल्या खडकांत सापडले, म्हणून ज्वालामुखीचा जुना तर्क मागं पडला. २०२० मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

१४. दख्खनचं पठार स्थिर आहे असं पुस्तकात आहे. मग किल्लारीचा भूकंप कसा झाला?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं, माणसं उशिरा घरात येऊन गाढ झोपली होती. लातूरमधलं किल्लारी, धाराशिवमधलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत भुईसपाट झाली. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली.

स्थिर याचा अर्थ हलणारच नाही असा नाही. मोठे भूकंप बहुतेक दोन भूपट्ट्यांच्या सीमेवर होतात, उदाहरणार्थ हिमालयात. पण भारतीय पट्टा तिथं आशियाला रेटत असल्यानं त्याचा ताण पट्ट्याच्या पोटापर्यंत पोचतो. आत जुनी, कमकुवत भेग असेल तर शेकडो-हजारो वर्षं साठलेला ताण तिथं मोकळा होतो. किल्लारीला तेच झालं. तीव्रता ६.२ होती, जगाच्या हिशेबात मध्यम, पण केंद्र फार खोल नव्हतं.

जीव घेतला तो घरांनी. दीड-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ही घरं गार राहतात, पण दगड एकमेकांना नीट बांधलेले नसतात. भिंत फुटून बाहेर पडली आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. म्हणून जुन्या वाड्यात राहत असाल तर भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड आणि खिडकी-दारांच्या वरून सलग फिरणारा पट्टा यांबद्दल गवंड्याला विचारा. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या ‘विभाग १’ मध्ये होता. २००२ मध्ये तो विभागच नकाशातून काढून टाकला.

१५. ६.२ आणि ४.५ मध्ये फरक तो केवढा? दीड-पावणेदोन अंकांचाच ना?

हे प्रमाण सरळ वाढत नाही. एक अंक वाढला की नोंदलेली लाट दहा पट मोठी होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. त्या हिशेबानं ६.२ च्या धक्क्यात ४.५ पेक्षा साडेतीनशे पटीच्या आसपास ऊर्जा असते. तीव्रता ही भूकंपाची एकच असते. तुमच्या गावात किती हादरलं ते अंतर, जमीन आणि घर यांवर ठरतं आणि त्याचं मोजमाप वेगळं आहे.

१६. हिंगोली-नांदेडकडं जमिनीतून गूढ आवाज येतात. मोठा भूकंप येणार का?

आवाज खरे असतात. उथळ, छोट्या धक्क्यांच्या लाटा जमिनीतून हवेत शिरल्या की गडगडल्यासारखं ऐकू येतं. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. पण छोटे धक्के आले म्हणून मोठा येईल, किंवा ताण निघून गेला म्हणून आता येणार नाही, यांपैकी काहीही ठामपणे सांगता येत नाही. तारीख-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करणं आज जगात कोणालाच जमत नाही. मोबाईलवर तसा संदेश आला तर पुढं पाठवू नका. घराचं काय करायचं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१७. इ.स.पू. २७ ते इ.स. १४ म्हणजे ४१ वर्षं ना?

४० वर्षं. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य साल नाही. म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करून एक वजा करायचा. हे उदाहरण रोमचा सम्राट ऑगस्टस याच्या कारकिर्दीचं आहे.

१८. आजोबांच्या जमिनीच्या कागदावर “सन १३५० फसली” लिहिलंय. हे कोणतं साल? आणि शक म्हणजे काय?

निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांसाठी त्यात ५९० मिळवा. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं, त्यामुळं १३५० फसली म्हणजे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. तारीख जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१ मिळवावे लागतात.

शालिवाहन शकासाठी इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९. भारत सरकारनं २२ मार्च १९५७ पासून शकावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. त्यात चैत्र १ हा २२ मार्चला आणि लीप वर्षात २१ मार्चला येतो, म्हणून तो गुढीपाडव्याशी दरवर्षी जुळत नाही.

१९. रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये कशी?

रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, ती तेरा दिवस मागं होती. तिथला २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे आपला ७ नोव्हेंबर. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांनी बदल केला आणि ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी आला. ब्रिटननं हा बदल १७५२ मध्ये केला होता. त्यामुळं न्यूटनचा जन्म कुठं २५ डिसेंबर १६४२ तर कुठं ४ जानेवारी १६४३ असा सापडतो, आणि दोन्ही बरोबर आहेत.

२०. आधी अजिंठा की वेरूळ?

अजिंठा. तिथली पहिली लेणी सातवाहन काळातली, सुमारे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतली. नंतरची पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. वेरूळचं काम त्यानंतरचं, आणि कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. ते वरून खाली कोरत आणलं आहे. दगड कोणता, हे प्रश्न १० वाचून तुम्हीच सांगा.

२१. जगाचा इतिहास आम्ही का शिकायचा? त्याचा मराठवाड्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे, आणि तो वर्गात सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधून व्यापार करणाऱ्या एका ग्रीक भाषिक माणसानं हिंदी महासागराच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं त्यात आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथून सुती कापड गाड्यांवर लादून भडोचला आणि पुढं जहाजानं रोमन जगात जायचं. इटलीतलं पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथं उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत.

पुढं सोळाव्या शतकात इथिओपियातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तो मलिक अंबर. १६१० मध्ये त्यानं वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नळानं पाणी आणणारी त्याची नहर आजही अभियंते बघायला येतात. आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचा धडा वाचताना त्याची आठवण ठेवा.

तिसरं उदाहरण असईचं. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या या गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. शिंद्यांच्या तोफखान्यानं इंग्रजांची पंधराशेहून जास्त माणसं मारली किंवा जखमी केली, तरी इंग्रजच जिंकले. वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाडे म्हणत होते की उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा, नाही. त्यानं पाहिलं की दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. ज्या अर्थी गावं अशी वसली, त्या अर्थी मध्ये उतार असणारच, असा तर्क त्यानं केला आणि तो खरा निघाला. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं.

२२. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. मग आपला मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला का? आणि आपण महाराष्ट्रात १९५६ ला आलो की १९६० ला?

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला. नोव्हेंबर १९४७ मध्ये एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, पण कासीम रझवीच्या रझाकारांचे गावोगाव अत्याचार चालू राहिले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा चारी बाजूंनी आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आपल्या आजी-आजोबांना स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळालं.

राज्याचं उत्तर दोन टप्प्यांत लिहा. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला त्या राज्यातून महाराष्ट्र झाला. “हैदराबाद राज्यातून केव्हा बाहेर पडला” असं विचारलं तर १९५६.

२३. निजामाच्या राज्यात फक्त मराठवाडाच होता का? आणि आजच्या मराठवाड्याबाहेरचं महाराष्ट्रातलं एखादं ठिकाण तिथं होतं का?

संस्थानात सोळा जिल्हे होते: तेलुगू भागात आठ, मराठी भागात पाच आणि कन्नड भागात तीन, म्हणजे बीदर, गुलबर्गा आणि रायचूर. त्यामुळं १७ सप्टेंबर कर्नाटक आणि तेलंगणातही पाळला जातो.

१९५६ च्या वाटणीत जिल्हे जसेच्या तसे आले नाहीत. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तोवर बीदर जिल्ह्यात होते, ते उस्मानाबादला जोडले आणि आता लातूरमध्ये आहेत. किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला आलं. त्याच आदिलाबादमधला राजुरा तालुका मात्र पुढं चंद्रपूरकडं गेला. म्हणून राजुरा आज विदर्भात आहे, पण तिथली मुक्तीची तारीखही १७ सप्टेंबर १९४८ हीच आहे.